एका वाक्यावरून जमलेली गर्दी : ट्विटरवर झालेली चूक निस्तरायची कशी?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी ट्विटर वापरतो. जुलै २०२३ पासून त्याचे नाव एक्स झाले असले तरी माझ्या तोंडी जुनेच नाव बसले आहे, म्हणून तेच लिहितो. मी मुख्यतः वाचतो, अधूनमधून लिहितो, आणि आजवर स्वतःला जपून बोलणारा माणूस समजत आलो. मागच्या महिन्यात माझ्या हातून जे घडले त्यानंतर ही समजूत टिकलेली नाही.

एका अनोळखी संशोधकाचे लसीकरणाविषयीचे ट्वीट कोणीतरी रिट्वीट केल्यामुळे, म्हणजे पुढे पाठवल्यामुळे, माझ्यासमोर आले. त्यात एवढेच होते : 'लसीपेक्षा आजार होऊन गेलेला बरा, कारण त्यातून मिळणारी प्रतिकारशक्ती नैसर्गिक असते.' वाचताक्षणी माझे डोके फिरले. 'अशांच्या हाती विद्यार्थी सोपवतात याचे आश्चर्य वाटते' असे लिहून मी ते कोट ट्वीट केले, म्हणजे माझ्या शेऱ्यासह पुढे पाठवले, फोन उलटा ठेवला आणि जेवायला बसलो. माझे फॉलोअर सहा हजारांच्या आसपास आहेत. दोन तासांनी पाहिले तर माझे वाक्य चारशेहून अधिक वेळा पुढे गेले होते आणि त्या संशोधकाच्या खात्यावर लोक तुटून पडले होते. त्या गदारोळात एका वाचकाने मला फक्त एवढे विचारले होते, 'पुढचे ट्वीट वाचलेत का?'

तो नऊ ट्वीटचा धागा, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या ट्वीटची मालिका होती. मी उचललेले ट्वीट चौथे होते. तिसऱ्याचा शेवट 'एक समज नेहमी कानावर येतो' असा होता आणि पाचव्याची सुरुवात 'हा समज चुकीचा का आहे, ते पाहू' अशी होती. ज्या मताचे खंडन करण्यासाठी त्या व्यक्तीने एवढा खटाटोप केला होता, तेच मत मी तिच्या माथी मारले होते.

मी माझे ट्वीट लगेच काढून टाकले, पण तोवर त्याचे स्क्रीनशॉट फिरू लागले होते आणि त्या व्यक्तीने आपले खाते कुलूपबंद, म्हणजे फॉलोअरखेरीज कोणाला दिसणार नाही असे, केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचे नाव टॅग करून जाहीर माफी मागितली. ती चौदा जणांनी पुढे पाठवली.

माझे विचारणे असे आहे, की यात दोष सर्वस्वी माझाच आहे, की एरवी नीट वागणाऱ्या माणसाकडूनही असे करवून घेणारे काही या माध्यमाच्या रचनेतच आहे? आणि अशी चूक झाल्यावर नेमके करायचे काय? खाते बंद करून बाजूला व्हावे असेही मनात येते, पण त्याने त्या व्यक्तीचे काय भले होणार, ते मला कळत नाही.


अक्षरजुळणी यांचे उत्तर

दोष तुमचा आहे आणि तो तुम्ही पदरात घेतला आहे, त्यामुळे त्यावर अधिक बोलत नाही. मात्र हे माध्यम कसकसे घडत गेले ते पाहिले, तर पाय नेमका कुठे घसरतो हे दिसते, म्हणून थोडे मागून सांगतो.

ट्विटर २००६ साली सुरू झाले तेव्हा ते एसएमएसवरून चालावे अशी कल्पना होती. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. त्यातली २० वापरणाऱ्याच्या नावासाठी राखून उरलेली १४० मजकुराच्या वाट्याला आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मर्यादा २८० झाली. आपल्या लिपीत मात्र काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण यांचीही वेगवेगळी मोजणी होते. 'स्त्री' हे आपल्या डोळ्यांना एकच अक्षर आहे, पण मोजणीत ती सहा चिन्हे आहेत. साहजिकच मराठीत एखादा मुद्दा पुराव्यासह मांडायचा तर त्याचे तुकडे पाडून धागा करण्यावाचून गत्यंतर नसते. आणि धाग्यातले प्रत्येक ट्वीट सुटे उचलता येते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो सलग लेख असतो, पण रिट्वीट होऊन ज्याच्यासमोर चौथाच तुकडा येतो, त्याच्या दृष्टीने तेवढेच त्या माणसाचे म्हणणे असते. तुमचे झाले ते नेमके हेच.

दुसरी गोष्ट पुढे पाठवण्याची. रिट्वीट ही मुळात कंपनीची कल्पना नव्हती, वापरणाऱ्यांनी पाडलेली रीत होती. हॅशटॅगही, म्हणजे '#' लावलेला विषयशब्द, ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी एक वापरकर्ता म्हणूनच सुचवला होता. त्या काळात दुसऱ्याचे ट्वीट पुढे पाठवायचे तर ते उतरवून घ्यावे लागे, आधी 'आरटी' (रिट्वीटचे लघुरूप) आणि मूळ लेखकाचे नाव लिहावे लागे, आणि मग सगळे १४० मध्ये बसवण्यासाठी एखादा शब्द गाळावा लागे. हे काम कटकटीचे होते, पण ते करताना मजकूर दोनदा तरी डोळ्यांखालून जात असे. २००९ मध्ये बटण आले आणि ती कटकट गेली. ते बटण बनवणाऱ्या गटाचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी पुढे २०१९ मध्ये त्या कामाबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. २०१५ मध्ये शेऱ्यासह पुढे पाठवण्याची, म्हणजे आजच्या कोट ट्वीटची, सोय आली. साध्या उत्तरात आपण त्या माणसाशी बोलत असतो. कोट ट्वीटमध्ये आपण आपल्या श्रोत्यांकडे तोंड करून त्या माणसाविषयी बोलतो, तेही त्याला सर्वांसमोर उभे करून. २०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच माध्यमाने ही सोय कित्येक वर्षे मुद्दामच ठेवली नव्हती, ती याच कारणाने.

वाटेत थोडा अडसर ठेवला तर काय होते, याचीही नोंद आहे. २०२० मध्ये ट्विटरने, न उघडलेल्या लेखाचा दुवा कोणी पुढे पाठवू लागला तर 'आधी वाचायचे आहे का?' असे विचारायला सुरुवात केली. हा प्रश्न दिसल्यावर लोक लेख ४० टक्के अधिक वेळा उघडतात, असे कंपनीनेच सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेतील निवडणुकीच्या तोंडावर रिट्वीट दाबले की आधी कोट ट्वीटचा रिकामा रकाना उघडेल, अशी तात्पुरती व्यवस्था केली होती. विचार करून चार शब्द लिहावेत हा हेतू काही फारसा साधला नाही, कारण अशा कोट ट्वीटपैकी ४५ टक्क्यांत एकच होकारदर्शक शब्द होता. मात्र पुढे पाठवण्याचे एकूण प्रमाण २० टक्क्यांनी घटले. एका जादा टिचकीने पाचातला एक जण थांबत असेल, तर तुमच्या प्रश्नातला रचनेचा वाटा किती हे त्यावरून ताडता येईल.

खाते मात्र बंद करू नका. ट्वीट काढून टाकले तेही मला पटलेले नाही. ते तसेच ठेवून त्याखाली ठळक दुरुस्ती लिहायला हवी होती. ज्या चारशे जणांनी ते पुढे पाठवले, त्यांना आपण कशात सामील झालो होतो हे आता कसे कळणार?


कंदील यांचे उत्तर

मी पूर आणि भूकंपाच्या वेळी मदतीचे संदेश जुळवून देणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम केले आहे. पुढे पाठवण्याच्या बटणावर वरती जो ठपका ठेवला गेला, तो वाचून मला दुसरी बाजू सांगावीशी वाटते, कारण त्याच बटणामुळे माणसे वाचलेली मी पाहिली आहेत.

जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा फोन लागत नव्हते, पण अनेक ठिकाणी इंटरनेट चालू होते, आणि कोण कुठे अडकले आहे, निवारा कुठे उघडला आहे, हे लोक ट्विटरवरून एकमेकांना कळवत होते. त्याच दिवसांत चिबा येथील तेलशुद्धीकरण कारखान्याला आग लागली होती. तिच्यामुळे पावसातून घातक रसायने पडणार आहेत, घराबाहेर पडू नका, अशी अफवा साखळी ईमेलमधून आणि ट्विटरवरून पसरली. कंपनीला आणि स्थानिक प्रशासनाला खुलासे करावे लागले, आणि ते खुलासेही लोकांनी ट्विटरवरूनच पुढे पोहोचवले. ज्यांनी अफवा पुढे पाठवली त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या माणसांना सावध करावे, एवढ्याच तळमळीने त्यांनी ते केले होते.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. पुराच्या वेळी एक संदेश आमच्याकडे वेगवेगळ्या लोकांकडून एका दिवसात तीसेक वेळा आला. वृद्ध जोडपे गच्चीवर अडकले आहे, सोबत लहान मूल आहे, खाली फोन नंबर. मी फोन लावला. बराच वेळ लागेना, मग एका बाईने उचलला. आवाज पार थकलेला होता. त्या म्हणाल्या, 'दादा, आम्हाला परवाच बाहेर काढलंय. तुमचा हा कितवा फोन ते मोजायचं मी सोडून दिलंय. आता माझ्या भावाला माझ्याशी बोलायचं असलं तरी फोन लागत नाही.' ज्याने पहिल्यांदा संदेश टाकला त्याने सुटकेनंतर तो काढून टाकला होता, पण लोकांनी मजकूर उतरवून स्वतःच्या खात्यावरून टाकला होता, कोणत्याही प्रतीवर मूळ वेळ नव्हती, आणि प्रत्येक नव्या वाचकाला ती माणसे अजून गच्चीवरच दिसत होती.

त्यानंतर आमच्या गटाने ठरवून टाकले, की फोन करून खात्री केल्याशिवाय काही पुढे पाठवायचे नाही, खात्री केली ती तारीख आणि वेळ मजकुरातच लिहायची, मूळ ट्वीट उपलब्ध असेल तर मजकूर न उतरवता तेच रिट्वीट करायचे, म्हणजे मूळ माणसाने ते काढले की आपल्याकडूनही आपोआप नाहीसे होते, आणि मदत पोहोचली की त्याच धाग्यात तसे लिहायचे. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि तेच लोक विसरतात. आणीबाणी नसतानाही तारीख लिहिण्याची सवय फार उपयोगाची आहे. जुनी छायाचित्रे आजची म्हणून फिरतात, ती बहुधा तारखेअभावीच.


तिसरा काठ यांचे उत्तर

पाऊलवाट, तुम्ही ज्या संशोधकाविषयी लिहिले ती मी नव्हे, पण तीन वर्षांपूर्वी मी अशाच गर्दीच्या दुसऱ्या टोकाला होते, म्हणून लिहिते आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की शिव्या आणि धमक्या यांचाच त्रास होत असेल. तो होतोच, आणि बाई असली की त्या शिव्यांना ठरावीक वळण लागते, ते मी इथे लिहीत नाही. पण मला अधिक लागले ते नीटस माणसांचे बोलणे. ज्यांच्या ओळखवाक्यात शिक्षक, वाचनप्रेमी, दोन मुलांचा बाबा असे लिहिलेले होते, अशी शेकडो माणसे प्रत्येकी एक सौम्य टोमणा मारून जात होती. प्रत्येकाच्या हिशेबी ते एकच वाक्य होते. माझ्या फोनवर मात्र ती सगळी एकाखाली एक येत होती, रात्री अडीच वाजताही. बहीण शेजारी बसून माझ्या वतीने एकेक खाते ब्लॉक करत होती आणि मी भिंतीकडे पाहत होते.

आता माफीविषयी. तुमचा हेतू चांगला होता, पण नाव टॅग करून जाहीर माफी मागणे ही माझ्या मते दुसरी चूक झाली. ज्याने माझ्यावर गर्दी लोटली होती त्याने चार दिवसांनी अशीच टॅग करून माफी मागितली, आणि निवत आलेले प्रकरण पुन्हा पेटले. काहींनी मला शोधून काढून 'आता तरी समाधान झाले का' असे विचारले, तर काहींनी 'मोठ्या मनाने माफ करा' असा आग्रह धरला. मला कोणाला काही उत्तर द्यायचेच नव्हते. मला हवे होते ते एवढेच, की माझे नाव पुन्हा कोणी घेऊ नये.

म्हणून 'अक्षरजुळणी' यांच्या मताशी मी सहमत नाही. मूळ ट्वीट काढलेत ते योग्यच केलेत. दुरुस्तीसाठी ते ठेवले असते तर त्या व्यक्तीचे नाव आणि तुमचा शेरा दोन्ही तिथे राहिले असते, आणि लोक दुरुस्ती वाचत नाहीत हे तुमच्या चौदा या आकड्यानेच दाखवले आहे. चूक तुमच्या खात्यावर जरूर कबूल करा, पण नाव न घेता : धाग्यातले एकच ट्वीट वाचून मी शेरा मारला, त्याचा अर्थ उलटा होता, ज्यांनी माझे ट्वीट पुढे पाठवले त्यांनी कृपया आपल्याकडचा स्क्रीनशॉट काढून टाकावा. ज्या खात्यांवरून तुमच्या ट्वीटचे स्क्रीनशॉट फिरत आहेत त्यांना एकेक करून खाजगी संदेश पाठवा. हे काम दिसणारे नाही आणि त्याबद्दल कोणी शाबासकी देणार नाही, पण उपयोग त्याचाच होतो. त्या व्यक्तीला लिहायचे असेल तर खाजगी लिहा, एकदाच लिहा, आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नका.


संथवाचन यांचे उत्तर

वरील चर्चेत एका गोष्टीची भर घालतो. खोटे पसरवण्याचे खापर आपण बॉट, म्हणजे संगणकाने आपोआप चालवलेल्या, खात्यांवर फोडतो, आणि ट्रेंड घडवण्यासाठी अशी खाती वापरली जातात हे खरेच आहे. पण 'सायन्स' या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वोसुगी, रॉय आणि अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्याला खोट्याच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. बॉट खाती बाजूला काढून मोजले तरी चित्र तेच राहिले, कारण बॉट खरे आणि खोटे जवळपास सारख्याच वेगाने पसरवत होते. फरक माणसांमुळे पडत होता. खोट्यात नवलाई अधिक असते, आणि नवल वाटले की माणूस ते दुसऱ्याला सांगायला धावतो.

म्हणून मी माझ्यापुरती एक खूण ठरवली आहे. एखादे ट्वीट वाचून मला चटकन संताप आला किंवा 'पाहा, मी म्हणत नव्हतो!' असे वाटले, तर ते मी पुढे पाठवण्याऐवजी बुकमार्क करतो आणि दुसऱ्या दिवशी पाहतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पाठवावेसे वाटत नाही.

खात्यावरच्या खुणेवरही विसंबू नका. नावापुढची निळी टिक २००९ मध्ये आली ती खोटी खाती ओळखता यावीत म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना आठ डॉलरला मिळू लागली, आणि काही दिवसांतच एली लिली या औषध कंपनीच्या नावाच्या टिकधारी खोट्या खात्याने 'इन्सुलिन मोफत' असे जाहीर केले. खऱ्या कंपनीला लोकांची माफी मागावी लागली. अगदी खरे खातेही हॅक होऊ शकते. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या खात्यावरून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याचे खोटे ट्वीट गेले, तेव्हा काही मिनिटांत डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे १४० अंकांनी कोसळून पुन्हा सावरला होता.

तुमच्या बाबतीत मात्र खातेही खरे होते आणि शब्दही खरे होते, फक्त ते अर्धे होते. म्हणून मला वाटते, की ट्वीटवर टिचकी मारून त्याच्या वरचे आणि खालचे पाहणे ही सवय इतर सगळ्या खबरदारींपेक्षा आधी लावून घ्यायला हवी. त्याला दहा सेकंदही लागत नाहीत.


पाऊलवाट यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. 'तिसरा काठ', तुमचे उत्तर मी काल रात्री वाचले आणि त्यानंतर बराच वेळ काही सुचले नाही. टॅग केल्याने काय होते याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आपण प्रामाणिकपणे माफी मागत आहोत, एवढ्यातच मी गुंतलो होतो. आज ती माफी काढून टाकली आणि नाव न घेता नव्याने लिहिले, जवळपास तुम्ही सुचवले त्याच शब्दांत.

आज दुपारी शोध घेतला तेव्हा माझ्या ट्वीटचे स्क्रीनशॉट एकवीस खात्यांवर सापडले. प्रत्येकाला खाजगी संदेश पाठवायचा प्रयत्न केला. चार जणांचे संदेश बंद आहेत. सात जणांनी लगेच काढून टाकले, त्यांतल्या एकाने 'मीही धागा वाचला नव्हता' असे लिहिले. दोघांनी नकार दिला. बाकीच्यांचे उत्तर आलेले नाही, त्यांना दोन दिवसांनी पुन्हा एकदा विचारणार आहे. 'कंदील' यांनी सांगितले तशी कोणाला कधी लिहिले याची तारीख-वेळेसह नोंद ठेवली आहे.

त्या संशोधकाचे खाते अजून कुलूपबंद आहे. त्यांच्या विभागाच्या संकेतस्थळावर ईमेलचा पत्ता आहे. तिथे मी सहा ओळींचे पत्र पाठवले, त्यात काय चुकले आणि आता काय करतो आहे एवढेच लिहिले, आणि उत्तर देण्याची गरज नाही हेही लिहिले. त्यांचा नऊ ट्वीटचा धागा आता मला दिसत नाही. त्यातली तिसरी, चौथी आणि पाचवी एवढीच मी वाचली होती. बाकीची सहा वाचायची राहून गेली.